सूर्याची मधली रांग

वहिनी, जमलं.

हे सगळ्यात आधी सांगून टाकतो, कारण तुम्ही जिथे कुठे असाल तिथे चष्मा कपाळावर चढवून याच बातमीची वाट बघत असणार. काल सकाळी तुमच्या कॉलेजच्या मैदानावर, सगळ्या गणगोतासमोर आणि तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांसमोर, तुमचा सूर्य झाला. नीट झाला. मधली रांग पुढे गेली आणि फेट्याचं कापड धनुष्यासारखं वाकलं. मी आज सकाळपासून चहा पितोय आणि एकटाच हसतोय. समोरच्या काकू भेटायला आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि हळूच माझ्या बायकोला विचारलं, "यांना धक्का बसलाय का गं?"

धक्का कसला. सुटलो, वहिनी.

तुम्हीही सुटलात, हे लिहिताना आता हात अडखळत नाही. शेवटच्या महिन्यांत तुमचा श्वास जिन्यापर्यंत ऐकू यायचा. तुम्ही बोलायला लागलात की आम्ही सगळे तुमच्यासोबत दम रोखून धरायचो, वाक्य संपेपर्यंत. मग एका दुपारी तुम्ही स्वतःच्या पलंगावर, दादा पायाशी बसलेला असताना, झोपेतच निघून गेलात. काही आविर्भाव नाही, शेवटचं वाक्य नाही. मी असतो तर निदान एक शेर टाकला असता.

पण त्याच्या आधी तुम्ही मला पक्कं अडकवून ठेवलं होतंत. आठवतंय ना? मी तुमच्यासाठी मोसंबी सोलत होतो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "भाऊजी, माझी शोकसभा तुम्हीच चालवणार. तुमच्या हातून माईक काढून घेईल असा माणूस नाशिकात जन्मायचाय अजून."

"वहिनी, असं अभद्र बोलू नका."

"ऐका. हार घातलेला फोटो नको. 'पोकळी निर्माण झाली' हे वाक्य तर अजिबात नको. पोकळीचा अर्थ मला माहीत आहे, तुम्हाला नाही."

"मग काय करू? मंगलाष्टकं म्हणू?"

"आपला राहिलेला सूर्य करून दाखवा. नीट."

"आणि नाही जमला तर?"

तुम्ही थोडा वेळ श्वास गोळा केलात. "तर माईकवर सांगायचं, जमला नाही. विनोद न करता."

विनोद न करता! लग्नांत सूत्रसंचालन करून पोट भरणाऱ्या माणसाला ही असली अट? मोसंबीची फोड माझ्या हातातच राहिली. तेव्हापासून कालपर्यंत माझ्या छातीवर जो धोंडा होता, तो हा.

हे जे वाचतील त्यांना आपला सूर्य ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. तुम्ही तोवर कान झाका, कारण मी शास्त्र सांगायला लागलो की तुमचा जीव खालीवर व्हायचा.

तुम्ही कॉलेजात फिजिक्स शिकवायचात. पोर्शन काहीही असो, गाडी एकाच ठिकाणी जायची: सूर्य आणि त्याच्या जातीचे तारे स्वतःभोवती फिरतात, आणि त्या फिरण्यातूनच त्यांचं चुंबकत्व आकाराला येतं. मला हे पहिल्यांदा कळलं ते आपल्या नाशिकच्या द्वारका चौकात, कायम तुंबलेल्या. मी गाडी चालवत होतो, दादा पुढे, तुम्ही मागे, आणि चारही बाजूंनी ट्रक, रिक्षा, कांद्याचे ट्रॅक्टर. मी कपाळाला हात लावला, आणि तुम्ही काच खाली करून खुशीत बाहेर बघायला लागलात.

"भाऊजी, सूर्याच्या आत असंच आहे बघा."

"तिथेही टेम्पो आडवा घालतात?"

"सूर्य काही घट्ट गोळा नाही. सगळा तापलेला वायू. म्हणून तो एका चालीने फिरत नाही. मधला पट्टा पंचवीसेक दिवसांत फेरी मारतो, ध्रुवांकडच्या भागाला महिन्याहून जास्त लागतो. आता त्यातून चुंबकीय रेषा जाते, वरून खाली, सरळ. ती वायूला चिकटलेली असते. मधला पट्टा पुढे पळाला की काय होईल?"

"मागचे हॉर्न वाजवतील."

"रेषा ताणली जाईल! मधला भाग तिला ओढत नेईल, पुन्हा फिरून येईल, पुन्हा ओढेल. फेट्यासारखे वेढ्यावर वेढे बसतील. मग सुतळीला जास्त पीळ दिला की कसा फासा उठतो, तसा त्या रेषांचा फासा पृष्ठभागातून वर येतो. जिथून बाहेर पडला तिथे एक डाग, जिथे आत शिरला तिथे दुसरा."

"आणि हा गुंता सुटतो कधी?"

"साधारण अकरा वर्षांनी. सगळं विस्कटतं, उत्तरेची दक्षिण होते, आणि पहिल्यापासून सुरू."

"म्हणजे द्वारकेच्या आधी सुटतो."

तुम्ही हसलात, पण सोडलं नाहीत. "आणि एक लक्षात ठेवा. ताणलेली रेषा गप्प बसत नाही. पुढे पळणाऱ्याला ती मागे खेचते. थोडंसंच, पण खेचते. नाहीतर हे पळणं कुठवर गेलं असतं कोण जाणे. काय हो, बरोबर ना?"

हे शेवटचं तुम्ही दादाला विचारलं होतंत. आपण दोघांनी पुढच्या सीटकडे बघितलं. सीट रिकामी. दादा केव्हाच उतरून चालत पुढे निघून गेला होता.

दादाची ही चाल. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं, कालव्याच्या कडेने सपासप चालत. ती सवय बाजारात, लग्नात, दवाखान्यात, सगळीकडे. हा पुढे, तुम्ही मागे. कधीतरी मान न वळवता विचारायचा, "येतेस ना?" आणि तुम्ही लांबून म्हणायचात, "आले." मंडईत भाजीवाल्यांना हा संवाद पाठ झाला होता. अहो, तुमच्या लग्नात मी करवला होतो, माझ्या डोळ्यांदेखत झालंय. उपरण्याला तुमच्या शेल्याची गाठ मारलेली, भटजी म्हणाले "चला", आणि हा चालायलाच लागला. गाठ ताणली गेली, तुम्ही दोन पावलं धडपडलात आणि ओरडलात, "अहो!" अख्खा मांडव हसला. आमच्या घरात तुमच्या तोंडून बाहेर पडलेला पहिला शब्द तो. दादाने तेव्हाही मागे बघितलं नव्हतं. फक्त थांबला होता.

तर तो सूर्य. फळ्यावर चित्र काढून तुमचं समाधान होईना. "माणसांचा करून दाखवू," म्हणालात, आणि माणसं आणायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी आणलं आमचं ढोल पथक. गोकुळ त्याचा म्होरक्या. एरवी द्वारकेला टेम्पो चालवतो, गणपतीत ढोल. तुमची योजना साधी होती. मैदानावर पाच रांगा, शेजारी शेजारी. प्रत्येक रांगेतल्या पहिल्याने एकच लांबलचक कापड धरायचं, एका टोकाच्या रांगेपासून दुसऱ्या टोकाच्या रांगेपर्यंत. कापड मी फेटेवाल्याकडून शिवून आणलं होतं, झक्क केशरी. टोकाच्या रांगा म्हणजे ध्रुव, त्यांनी हळू चालायचं. मधली रांग विषुववृत्त, तिने भरभर. कापड वाकेल, पोरांना दिसेल, झालं.

आणि झालं काय? ढोल घुमला, रांगा निघाल्या, मधली रांग दोन पावलं पुढे गेली आणि पुढच्या ठोक्याला बाकीच्या चारही रांगा धावून तिच्या बरोबरीला आल्या! कापड फुटपट्टीसारखं सरळ. पुन्हा केलं, पुन्हा सरळ. वर्षानुवर्षं मिरवणुकीत एकच शिकलेली पोरं: रांग तुटता कामा नये.

तुम्ही पदर खोचून मैदानात उतरलात. "अरे, ताल सोडा! ताल सोडा!"

गोकुळ रडवेला झाला. "मॅडम, लय अवघड हे. पाय ऐकत नाय. ठोका पडला का पाय आपोआप जोडला जातो."

"ढोल बंद करा मग!"

ढोल बंद केले. तरी कापड सरळच. गोकुळ म्हणाला, "बाहेरचा बंद हे मॅडम, आतला चालू हे."

तुम्ही माझ्या हातून माईक घेतलात, आयुष्यात एकदाच, आणि मुलांना सांगितलंत, "हा सूर्य नाही, ही कवायत आहे. असा शिस्तीत फिरला असता तर त्याच्या अंगावर डाग पडायची मारामार झाली असती." मुलं खदखदली. तुम्हीही हसलात. पण घरी येताना गाडीत म्हणालात, "भाऊजी, एकदा तरी नीट झालं पाहिजे हो."

मग घोटी गावातलं ते लग्न. मी म्हटलं, पथकाला ताल सुटत नाही ना, मग वऱ्हाड घेऊ. वऱ्हाडाला ताल नसतोच. नवरदेव मध्ये, त्याचे मित्र मधल्या रांगेत. पण गाणं लागलं आणि मधली रांग जागच्या जागी नाचायलाच लागली. विषुववृत्त हटेना, आणि दोन्ही ध्रुव कंटाळून जेवायला निघून गेले. तुम्ही पंगतीत जिलबी खाता खाता म्हणालात, "असा तारा अजून कुणाला सापडलेला नाही."

वहिनी, आपलं भांडण मात्र अर्धवट राहिलं. त्याचं काय करायचं?

तुम्ही मला 'तरुण तारा' म्हणायचात आणि सुरुवातीला मी खूश होतो. मग एकदा अर्थ सांगितलात. नवा तारा गरागरा फिरतो, त्यामुळे त्याचं चुंबकत्व जबरदस्त, अंगावर भले मोठे डाग, सारखे भडके. पण एका मर्यादेपुढे कितीही वेगाने फिरला तरी चुंबकत्व वाढत नाही. "तुमच्या विनोदांसारखं," तुम्ही म्हणालात. "अमुक आवाजानंतर ओरडून उपयोग नसतो." आणि गंमत म्हणजे ते चुंबकत्वच त्याला ब्रेक लावतं. ताऱ्यातून वारा बाहेर पडतो, चुंबकीय रेषांना धरून लांबवर जातो, आणि जाताना त्याचं फिरणं थोडं थोडं घेऊन जातो. म्हणून तारा वयाबरोबर मंदावतो. कुठला तारा किती वेगाने फिरतो त्यावरून त्याचं वय काढता येतं, हे तुम्ही मुलांना किती अभिमानाने शिकवायचात.

मग ती नवी निरीक्षणं आली. सूर्याच्या वयाचे, मध्यमवयीन तारे म्हणे अपेक्षेइतके मंदावलेले नाहीत. कुठेतरी मध्यावर त्यांचा ब्रेक सैल पडत असावा. तुम्ही हे मला सांगितलंत आणि लगेच पस्तावलात, कारण मी पन्नाशी ओलांडली होती.

"बघा! मध्यमवयात ब्रेक सुटतो! विज्ञानाने माझी बाजू घेतली!"

"ब्रेक सैल पडणं म्हणजे वेग वाढणं नव्हे, भाऊजी. मंदावणं थांबतं, एवढंच. आणि ते का होतं, ते अजून नीट कळलेलं नाही. चुंबकत्वाची रचनाच बदलत असेल. काहींना तर हे मान्यच नाही."

"तुम्हाला मान्य आहे का?"

"माहीत नाही."

"वहिनी, एवढी वर्षं शिकवून माहीत नाही?"

"हो, माहीत नाही. तुम्हाला माईकवर हे दोन शब्द कधी बोलता आलेत का?"

मी विषय जेवणाकडे वळवला. ते भांडण तिथेच राहिलं. तुम्ही आजारी पडल्यावर मी ते मुद्दाम उकरून काढायचो, तुमच्या चेहऱ्यावर रंग यावा म्हणून. यायचाही.

आजारपणात दादाने काय केलं ते मी बघितलंय, पण तुमच्याशी कधी बोललो नाही. रोज सकाळी तो तुमची लहान दुर्बीण गच्चीच्या दाराशी उभी करायचा, सूर्याकडे रोखून, डोळा न लावता. मागे पांढरा पुठ्ठा धरायचा. त्यावर सूर्याची बांगडीएवढी प्रतिमा पडायची आणि ती तुम्हाला पलंगावरून दिसायची. सध्या डागही भरपूर. हात भरून आला तरी तो पुठ्ठा हलू द्यायचा नाही. तुम्ही म्हणायचात, "अहो, जरा डावीकडे." तो डावीकडे. पुढे पळणारा माझा भाऊ तुमच्यासाठी असा एका जागी थांबायला शिकला होता. फक्त सूर्य सरकायचा तेवढा तो सरकायचा.

एक मोठा डाग तुमच्या डोळ्यांसमोर कडेवरून पलीकडे गेला. "टिकला तर पंधरवड्याने दुसऱ्या कडेने परत येईल," तुम्ही म्हणालात. तो येण्याआधी तुम्ही गेलात. वहिनी, तो परत आला असं इथे लिहिण्याचा मोह मला किती होतोय, तुम्हाला कल्पना आहे. वाचणाऱ्यांनी डोळे पुसले असते. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत ढग होते, आणि आमच्यापैकी कुणालाही बघायचं सुचलं नाही.

तुम्ही गेल्यापासून दादा बोलत नव्हता. रडलाही नाही. विचारलं की "हं," नाही विचारलं की तेही नाही. परवा मैदानावर तालीम घेतली, त्याला खुर्ची टाकून बसवलं. तालीम साफ फसली. ढोल आणलेच नव्हते, तरी कापड सरळ! गोकुळलाच मधल्या रांगेत पुढे ठेवलं होतं. तो चार पावलं भरभर जायचा आणि मागचा घोळका दिसेनासा झाला की आपोआप रेंगाळायचा. मी स्वतः मध्ये उभा राहून बघितलं. पण मला दर पावलाला लोक काय म्हणतात ते बघायची सवय, मीही थांबायचो. गोकुळ म्हणाला, "भाऊ, उद्या हसं होईल. मॅडमचं नाव घेऊन हसं नको." मी घरी येऊन आरशासमोर सराव केला. "जमला नाही." विनोद न करता. वहिनी, माझा चेहरा साथ देईना.

काल सकाळी सगळे जमले. फोटो नव्हता, हार नव्हता. मी तुमच्या गोष्टी सांगितल्या, लोक हसले. जिलबीवालीसुद्धा सांगितली. मग ताऱ्यांच्या ब्रेकचं सांगितलं, तर तुमची एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि तिने विचारलं, "सर, पण मध्यमवयात ब्रेक सैल का पडतो?"

माझ्याकडे तीन चुरचुरीत उत्तरं तयार होती. मी माईक तोंडाशी नेला आणि म्हणालो, "माहीत नाही." आणि थांबलो. कुणी हसलं नाही. मुलीने मान डोलावली आणि ती खाली बसली. इतकं सोपं असतं होय हे? आधी का नाही सांगितलंत?

मग रांगा लागल्या. दोन्ही टोकांच्या म्होरक्यांनी जादा कापड घडी करून काखेत धरलेलं, ओढ लागली की सोडायला. गोकुळ मधल्या रांगेच्या पुढे उभा, चेहरा पडलेला. मी "चला" म्हणणार, एवढ्यात दादा खुर्चीतून उठला. कुणाकडे न बघता मैदानात आला आणि म्हणाला, "गोकुळ, सरक."

तुम्ही गेल्यानंतरचे त्याचे पहिले दोन शब्द.

त्याने कापड मुठीत धरलं. मी "चला" म्हणालो. आणि वहिनी, दादा चालला! कालव्याच्या कडेने चालायचा तसा, सपासप, मान सरळ. आजूबाजूला कोण आहे, मागे कोण राहिलं, काही नाही. पथकाच्या पोरांचे पाय त्याला गाठायला शिवशिवत होते, मला दिसत होते. पण दादाच्या बरोबरीला जायची छाती कुणाची होईना. तुमच्याशिवाय त्याच्या मागे चालायची सवय तरी कुणाला होती? टोकाच्या रांगा हळू, त्यांच्या शेजारच्या जराशा पुढे, आणि मध्ये दादा, एकटा, खूप पुढे. कापड वाकलं. वाकत गेलं. काखेतल्या घड्या एकेक करून सुटल्या. मागे बसलेली मुलं उभी राहिली. तुम्ही फळ्यावर काढायचात तशी हुबेहूब ती रेषा, भर उन्हात, केशरी.

मी माईक खाली केला. हे तुम्हाला खोटं वाटेल, गोकुळला विचारा.

मग कापड संपलं. शेवटची घडी सुटली आणि दादाच्या मुठीला मागून झटका बसला. थोडासाच. तो थांबला. आपल्या मुठीकडे बघत राहिला. बाकीच्या रांगाही थबकल्या. पुढे येऊन बरोबरी करायला एकही पाऊल उचललं गेलं नाही. सगळं मैदान त्या ताणलेल्या कापडाला धरून उभं.

आणि दादा मागे वळला, वहिनी. पूर्ण वळला. कापडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याने नजर फिरवली, सावकाश, कुणालातरी शोधावं तशी. त्याचे डोळे भरून आले, आणि तो एवढ्या लोकांसमोर रडला, अगदी मोकळा. रडता रडता गोकुळला म्हणाला, "अरे, सोडू नका रे. धरून ठेवा."

कुणी सोडलं नाही. आज सकाळी मी त्याच्याबरोबर दूध आणायला गेलो. तो पुढे, मी मागे. कोपऱ्यावर तो थांबला, वळून बघितलं आणि मी जवळ येईपर्यंत उभा राहिला. "येतोस ना?"

"आलो," मी म्हटलं.